साडेबाराची झोप

जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर निरोप आलाय. सर दोहा सोडून कायमचे नाशिकला चाललेत, म्हणून पुस्तिका काढायची आहे, प्रत्येकानं दोनशे शब्द लिहायचे, आणि 'प्लीज पॉझिटिव्ह ठेवा'. सर दोनशे शब्दांत मावत नाहीत. पॉझिटिव्ह तर मला चहाच्या निमंत्रणातसुद्धा राहता येत नाही. मी पुण्याला गेल्यापासून लिहायला शिकले ती पत्रकांवर, आणि पत्रकात पहिल्या ओळीत आरोप करायचा असतो. तेव्हा पुस्तिकेत माझी जागा कुणाच्या तरी फोटोला द्या. मी इथे लिहिते.

आरोप असा: या माणसानं मला न्याय म्हणजे काय ते शिकवलं, आणि तो करायची वेळ आली तेव्हा तो झोपला होता. म्हणजे, झोपलो होतो असं म्हणाला.

सर एका इंग्रजी शाळेत इतिहास शिकवायचे आणि संध्याकाळी अल मुंतझामध्ये लाँड्रीच्या वरच्या फ्लॅटमध्ये शिकवणी घ्यायचे. आम्ही नऊ-दहा जण. सगळी पुण्या-मुंबई-नाशिककडची, कुणाचे वडील तेलात, कुणाचे गॅसात, माझे एसीच्या डक्टमध्ये. खालून इस्त्रीची वाफ वर यायची आणि त्या वाफेत आम्ही इंग्लंडचा इतिहास शिकायचो, कारण आमची परीक्षा इंग्लंडची होती. अभ्यासाला ट्यूडर घराणं. आता ट्यूडर म्हटलं की सगळ्यांना आठवा हेन्री हवा असतो. सहा बायका, दोघींची मुंडकी उडवलेली. सरांना तो चालायचा नाही. त्यांचा राजा त्याच्या आधीचा, घराण्यातला पहिला. सातवा हेन्री. कोरडा, संशयी, हिशेबी माणूस. त्याच्यावर कुणी मालिका काढत नाही.

"आठव्याला बायका आहेत," सर म्हणायचे, "सातव्याला प्रजा आहे."

लढाया त्यांनी एका तासात उरकल्या. "वाचून घ्या. कोण मेलं, कोण बसलं, संपलं." मग फळ्यावर तीन शब्द लिहिले: अर्थव्यवस्था, समाज, धर्म. ते तीन शब्द दोन महिने पुसले नाहीत.

आणि शिकवायचे मराठीतून. पेपर इंग्रजीत लिहायचा, पुस्तक इंग्रजी, आम्ही पोरं आईलासुद्धा 'ओके मम्मा' म्हणणारी. पण सर मराठीच बोलायचे. त्यांचं म्हणणं, शेतकरी, देऊळ आणि मजूर या तीन गोष्टी इंग्रजीत कळल्यासारख्या वाटतात, कळत नाहीत. इंग्लंडातला जमीनदार मरताना चर्चला जमीन लावून द्यायचा, तिच्या उत्पन्नातून एक पाद्री पोसायचा आणि त्यानं मेलेल्याच्या आत्म्यासाठी कायम प्रार्थना करत राहायची. सर म्हणायचे, "देवस्थान इनाम, दुसरं काय?" आम्ही एकमेकांकडे बघायचो. इनाम म्हणजे बक्षीस, एवढंच आम्हाला माहीत. सरदार पदरी माणसं बाळगायचे म्हटल्यावर एका मुलानं खरंच विचारलं होतं, "सर, हाऊ मेनी पीपल फिट इन अ पदर?" सर पाच मिनिटं हसत होते. मग गंभीर होऊन म्हणाले, "या शहरात बघ, कळेल. एका पदरात किती मावतात ते."

हे असं काहीतरी ते बोलायचे आणि पुढे जायचे. आम्हाला वाटायचं, केवढा निडर माणूस आहे.

तर त्यांच्या सवयी. सरदारांनी आपल्या माणसांच्या छातीवर आपले बिल्ले लावून फौजा उभ्या केल्या होत्या आणि सातव्या हेन्रीनं त्याला लगाम घातला, हे सरांना भारी आवडायचं. त्यामुळे शाळेनं दिलेलं ओळखपत्र ते गळ्यात घालायचे नाहीत. पट्ट्यासकट डब्यात ठेवायचे, पोळ्यांच्या वर. गेटवरचा सुरक्षारक्षक रोज थांबवायचा, रोज सर डबा उघडायचे. "आय बिलाँग टू नो लॉर्ड," असं त्याला सांगायचे. तो बिचारा नेपाळचा. तो म्हणायचा, "ठीक है सर, लेकिन भाजी गिर रही है."

दुसरी सवय झोपेची. सातव्या हेन्रीच्या काळात मजुरांचे तास ठरवणारा एक कायदा झाला होता. कायदा मालकांच्या सोयीचा. उन्हाळ्यात पहाटे पाचच्या आत कामावर, संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत सुट्टी नाही. पण त्या कायद्यात एक कलम होतं: मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत मजुराला दुपारच्या जेवणाला दीड तास द्यायचा, कारण त्या दिवसांत त्यानं झोपायचं असतं. झोप. राजाच्या कायद्यात. सर हे कलम आरतीसारखं म्हणायचे. आणि स्वतः पाळायचे. पंधरा मे उजाडला की शाळेत बारा ते दीड सरांचा वर्ग बंद. खिडकीला काळा कागद, तीन बाकं जोडलेली, उशाला हजेरीपटाचा गठ्ठा. मुख्याध्यापिकेनं दोनदा लेखी विचारलं होतं. सरांनी लेखी उत्तर दिलं, त्यात कायद्याचं कलम घातलं. तिनं नाद सोडला. शाळेत येणाऱ्या प्रत्येक नव्या शिक्षकाला पहिल्या आठवड्यात हे सांगितलं जायचं: स्टाफरूम डावीकडे, प्रिंटर उजवीकडे, आणि बारा ते दीड त्या खोलीत जाऊ नका.

तिसरी सवय सांगायला मला जड जातं, कारण ती अजूनही मला आवडते. त्या काळी इंग्लंडच्या गावागावांत वर्षातून एकदा पाद्री गावातल्या मेलेल्यांची यादी मोठ्यानं वाचायचा. नुसती नावं. ऐकणाऱ्यांनी प्रार्थना करायची. 'धर्म म्हणजे काय?' या प्रश्नाला सरांचं उत्तर हे होतं, नावं विसरायची नाहीत. आमच्याकडे गणपतीत मराठी मंडळाची आरती एका भाड्याच्या हॉलमध्ये व्हायची. रेशमी साड्या, मोदक, मुलांचे नाच. आरती संपली आणि प्रसादाची रांग लागायच्या आधी सर उठायचे, खिशातून कागद काढायचे आणि त्या वर्षी इथे मेलेल्या मराठी माणसांची नावं वाचायचे. ड्रायव्हर, गवंडी, प्लंबर. ही नावं ते वर्षभर टॅक्सीवाल्यांकडून, मेसवाल्यांकडून गोळा करायचे. "रामचंद्र, गाव कराडजवळ. विठ्ठल, गाव परभणीकडे." मंडळातल्या काकू कानांवर हात ठेवायच्या. एक काका दरवर्षी म्हणायचे, "अहो सर, शुभ प्रसंगाला कशाला? देवापुढे सुतक आणता?" सर यादी पुरी करायचे आणि प्रसाद न घेता निघून जायचे.

मी सोळाची होते. मला वाटायचं, हाच एक माणूस आहे इथे. बाकी सगळे नुसते पगारी.

बारावीनंतर मी पुण्याला गेले. कॉलेज कमी, एका विद्यार्थी संघटनेची पत्रकं जास्त. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत दोह्याला आले तेव्हा सरांनी मदतीला बोलावलं. नापास झालेल्या मुलांचे शाळेत उन्हाळी वर्ग होते. मी टिपणं टाइप करायची, मुलांकडून तारखा पाठ करून घ्यायची. त्याच उन्हाळ्यात शाळेच्या आवारात लोखंडी सांगाड्यावर छत घालायचं काम सुरू होतं, आणि सरांच्या वर्गाची खिडकी थेट त्या कामावर उघडायची.

सर्जेराव असे भेटले. बाहेर लोखंडाचा पाइप पडल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ अस्सल माणदेशी शिवी आली. सरांनी शिकवणं थांबवलं, खिडकीतून वाकून विचारलं, "कुठलं गाव हो?"

खालून आवाज आला, "म्हसवडच्या अंगाला. तुमी?"

"मी नाशिकचा. पाय ठीक आहे का?"

"पाय हाय. बूट गेला."

सर्जेराव वेल्डर. चाळिशीचे, घरी बायको आणि म्हातारे वडील, वडिलांची मेंढरं. शुक्रवारच्या सुट्टीला सरांनी त्यांना अल मुंतझाला बोलावलं. मला वाटलं जेवायला. सरांनी त्यांना पोरांपुढे उभं केलं आणि म्हणाले, "हे आज आपल्याला इंग्लंडची अर्थव्यवस्था शिकवणार."

सर्जेराव घाबरले. "सर, मला काय येतंय त्यातलं?"

"मेंढरू येतं ना? इंग्लंड म्हणजे त्या काळी मेंढरूच होतं."

सरांनी पुस्तकातलं चित्र दाखवलं, पांढरीशुभ्र, लोकरीनं गच्च भरलेली मेंढी. सर्जेराव बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ही आंधळी हाय का?" पोरं हसली. "आरं, डोळ्यावर लोकर आलीया तिच्या. ही रानात दगडावर जाऊन आपटंल. आमची काळी, बारीक, पर दिवसाला दहा कोस चालती." मग ते सुटले. वर्षातून दोनदा कातरतात, पावसाळ्याआधी आणि नंतर. कातरणारा पाय कसे बांधतो. घोंगडीचं सूत बायका काततात. आणि आता ती लोकर कुणी विकत घेत नाही, गावाबाहेर ढीग पडतो. पोरांनी वह्या काढल्या होत्या. इंग्रजी पुस्तकातला लोकरीचा व्यापार पहिल्यांदाच कुणाच्या हाताला लागल्यासारखा झाला होता.

सरांनी सांगितलं, की इंग्लंडात जमीनदारांनी मेंढ्यांसाठी गावची सामाईक रानं कुंपण घालून घेतली, माणसं हाकलून दिली. सर्जेराव मान हलवत म्हणाले, "आमच्यात उलटं. मानसं मेंढराला हाकलत्यात. कुंपन हाय तेच, बगा."

मग सरांनी फळ्यावर दोन रकाने आखले. डावीकडे राजाच्या कायद्यातले तास लिहिले. उजवीकडे सर्जेरावांना विचारून त्यांचे. उठणं साडेतीन. बस सव्वाचार. कामावर पाच. पोरं लिहायची थांबून फळ्याकडे बघायला लागली, कारण दोन्ही रकाने जवळजवळ सारखे यायला लागले होते.

सर्जेरावांनी डावीकडचा रकाना मला वाचायला सांगितला. मी वाचला. ते म्हणाले, "म्हंजी तवाबी ठेकेदार हुता म्हना की."

"होता," सर म्हणाले. "पण बघा, दुपारी झोप होती. कायद्यात."

"कायद्यात तर हितंबी हाय, सर."

कारण इथेही नियम आहे. उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम बंद. नियम चांगला आहे, मोठ्या साइटवर पाळतातही. पण शाळेच्या भिंतीआडचं छत शाळा सुरू व्हायच्या आत पुरं करून द्यायचं होतं, आणि भिंतीआड कोण बघतंय? ठेकेदाराचा फोरमन दहाला भोंगा वाजवायचा, सगळ्यांना सावलीत बसवायचा, अकराला परत "यल्ला, यल्ला" करून चढवायचा. हे सर्जेरावांनीच त्या दिवशी सांगितलं. हसत सांगितलं.

मी तिथल्या तिथे उठले. "सर, याची तक्रार करायला हवी."

सर म्हणाले, "बस खाली. आधी रकाना पुरा कर."

जुलैत एका दुपारी पाऊण वाजता सरांचा फोन आला. मी घरी जेवत होते. आवाज ओळखू येईना.

"अगं, सर्जेराव पडला. वरून पडला. माझ्या डोळ्यांदेखत."

"कधी?"

"आत्ता. बारा बत्तीस. आज डोळा लागत नव्हता, खाली ठोकठोक चालली होती, म्हणून कागद बाजूला करून बघत होतो. एकदम हात सुटल्यासारखा... अगं, लोखंड हात लावण्यासारखं नाही बाहेर. चढवलाच कशाला त्याला?"

सर रडत होते. हे मी मुद्दाम लिहिते. ते नाटक नव्हतं.

सर्जेरावांचा खुबा मोडला. डोक्याला टाके पडले. जगले. आठवड्याभरानं कळलं की ठेकेदाराच्या कागदावर पडल्याची वेळ सकाळी नऊ-चाळीस अशी आहे. त्या एका आकड्यावर सगळं होतं. नऊ-चाळीस म्हणजे कामाची वेळ, आणि कमरेचा सुरक्षा-पट्टा लावला नाही ही सर्जेरावांची चूक. बारा-बत्तीस म्हणजे बंदीच्या वेळेत चढवला, आणि चूक ठेकेदाराची. मग भरपाई, पुढचे उपचार, सगळं त्याच्यावर. सर्जेराव जबाबात साडेबारा म्हणाले होते. बरोबरचे कामगार म्हणाले, लक्षात नाही. त्यांना दुसऱ्या दिवशी त्याच फोरमनच्या बसमध्ये चढायचं होतं. त्यांना मी काही म्हणत नाही.

विम्याच्या कंपनीचा माणूस चौकशीला येणार होता. मी त्याला पत्र लिहिलं. एक पान, मुद्देसूद. खाली लिहिलं: प्रत्यक्ष साक्षीदार आहेत. सरांचं नाव दिलं, खोलीचा क्रमांक दिला. सरांना विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? नेपाळी रक्षकापुढे रोज डबा उघडणारा माणूस. देवापुढे यादी वाचणारा माणूस.

चौकशी मुख्याध्यापिकेच्या खोलीत झाली. ती, विम्याचा माणूस, ठेकेदाराचा सेफ्टी ऑफिसर. पत्र माझं म्हणून मला दाराशी बसू दिलं. सर आले, आणि मी पहिल्यांदा पाहिलं, त्यांच्या गळ्यात शाळेचा पट्टा होता. छातीवर ओळखपत्र, फोटो पुढे.

विम्याचा माणूस केरळचा, सज्जन वाटला. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. तो म्हणाला, "सर, इस लेटर में लिखा है आपने देखा. टाइम क्या था?"

सर म्हणाले, "मैंने नहीं देखा."

"बारा-बत्तीस लिखा है."

"उस टाइम मैं सोता हूँ. रोज. बारा से डेढ़. किसी से भी पूछिए."

आणि विचारायची गरजच पडली नाही. मुख्याध्यापिका हसली. "ओ येस. सर की नींद. इट्स लेजंडरी." सेफ्टी ऑफिसर हसला. कारकून बाई आत काहीतरी सही घ्यायला आली होती, तीही म्हणाली, "हाँ हाँ, सर तो सोते हैं." इतक्या वर्षांची एका माणसाची तऱ्हा, खोलीतल्या प्रत्येकाला पाठ. त्याहून पक्का पुरावा जगात कुठे मिळणार? विम्याच्या माणसानं माझ्याकडे एकदा पाहिलं, पत्राची घडी घातली आणि लिहून घेतलं. खलास. नऊ-चाळीस.

मी सरांना पार्किंगमध्ये गाठलं.

"सर, तुम्ही मला फोन केला होता."

"केला होता."

"मग?"

"मग काय? तू माझं नाव दिलंस, मला विचारलंस का?"

"खरं सांगायला परवानगी घ्यायची असते?"

"सप्टेंबरात मी साठ पुरे करतोय. साठीनंतर एकेक वर्षाची मुदतवाढ असते. सही मुख्याध्यापिकेची. तिच्या खोलीत बसवून तू मला विचारतेस, तिच्या आवारात दुपारी बाराला माणूस वर चढवला होता का?"

"आम्हाला कायदा तुम्ही शिकवलात."

सर गाडीला टेकले. ऊन इतकं होतं की लगेच सरळ झाले. म्हणाले, "शिकवला. एक सांगायचं राहिलं. त्यातला मजुरीचा भाग त्यांनी वर्षभरात मागे घेतला. परीक्षेत विचारत नाहीत, म्हणून सांगितलं नाही."

"आणि झोपेचं कलम? ते कुणाला मिळालं का कधी?"

"मला काय माहीत? मी कायदा वाचलाय. मजुरांनी काही लिहून ठेवलेलं नाही."

मी त्यांना भेकड म्हणाले. याच शब्दात. त्यांनी मान हलवली, जसं बरोबर उत्तर दिल्यावर वर्गात हलवायचे, आणि गाडीत बसले.

घरी येऊन मी एक पानी मजकूर लिहिला, शाळेचं नाव न घेता, पण सगळ्यांना कळेल असा, आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात बाबांना तीन फोन आले. बाबा माझ्या खोलीत आले, उभेच राहिले, म्हणाले, "काढ ते." मी काढलं. हेही लिहिते, नाहीतर उद्या दुसरं कुणीतरी लिहील.

त्या वर्षीच्या गणपतीचं आईनं फोनवर सांगितलं. आरतीनंतर सर उठले, कागद काढला, नावं वाचली. पाच होती. आणि या वेळी कुणी कानांवर हात ठेवले नाहीत. सगळ्यांनी हात जोडले. सुतकवाले काका स्वतः पुढे येऊन म्हणाले, "सर, किती मोठं मन तुमचं." पुढच्या वर्षीपासून नावांचं वाचन कार्यक्रमपत्रिकेत छापायला लागले, मुलांच्या नृत्यानंतर. मेलेल्यांपुरतं सरांना धैर्य होतं आणि मंडळाला तेवढं परवडत होतं. सरांना मुदतवाढ मिळाली. एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा.

त्या हिवाळ्यात मी संघटनेच्या कामानं साताऱ्याला गेले होते, तिथून म्हसवडला गेले. सर्जेरावांचं घर गावाबाहेर. ते दारात बाजेवर बसले होते, काठी भिंतीला. मेंढरं बायको घेऊन गेली होती; त्यांना आता कळपामागं चालता येत नव्हतं. खुब्यात धातूची पट्टी होती आणि ती चुकीची बसली होती. पुन्हा शस्त्रक्रिया करायला सांगितलं होतं, ती होणार नव्हती.

मी ठरवूनच गेले होते. चहा येईपर्यंतही थांबले नाही. "सर्जेराव, एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी. सरांनी तुम्हाला पडताना पाहिलं होतं. खिडकीतून. आणि चौकशीत खोटं सांगितलं."

"ठावं हाय," ते म्हणाले.

"काय ठाऊक आहे?"

"ताई, मी पाठीवर पडलो. वर बगितलं तर आभाळ न्हवतं दिसत, खिडकी दिसत हुती. सर उबं हुतं. तोंडावर हात धरून."

"मग तुम्ही जबाबात सांगितलं का नाही?"

"इचारलं की त्येनी. कुनी बगितलं का? म्या म्हनलं, न्हाई."

"अहो, का?"

त्यांनी पाय दोन्ही हातांनी उचलून बाजेवर सरळ ठेवला. "त्या मानसाची नोकरी गेली असती आन् माझा खुबा काय जुडला नसता."

"जुळला असता! पैसे मिळाले असते. नीट ऑपरेशन झालं असतं. आज मेंढरामागं तुम्ही गेला असता."

"आसंल," ते म्हणाले. "त्ये हास्पिटलात यायचं, ताई. रोज. बाराला यायचं, दीडपतोर बसायचं. काय बोलायचं न्हाईत. म्या म्हनायचो, सर, घरी जावा, झोपायची येळ हाय तुमची. म्हनायचं, आता येत न्हाई." मग त्यांनी विचारलं, "सरांचं नाव मग दिलं कुनी? माज्या मनात लई दिस हाय. बरुबरची पोरं देनार न्हाईत. कुनी दिलं?"

"मी."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. राग असता तर मला बरं वाटलं असतं, रागाला उत्तर देता येतं.

"तुमी व्हय," ते म्हणाले. "चांगल्यासाटीच दिलं आसंल."

"खोटं ते बोलले. मी नाही बोलले."

"व्हय, व्हय. त्येच बोललं."

मी अजूनही म्हणते, तेच बोलले. हजारदा विचार केलाय आणि हजारदा तिथेच येते. माणूस पडताना पाहिला, तर पाहिला म्हणायचं. त्यात पदर, इनाम, मुदतवाढ काही येत नाही.

बाजेवरचा फोन वाजला. सर्जेरावांनी पाहिला आणि माझ्यापुढे धरला. "सरच. दर शुक्रवारी करत्यात. बोलता?"

मी नाही म्हणून मान हलवली. फोन वाजत राहिला. त्यांनी आणखी एकदा पुढे केला, मी आणखी एकदा हलवली. मग त्यांनी बटन दाबलं, मला हळूच "बोला की" म्हणाले आणि शेवटी फोन स्वतःच्या कानाला लावला. सरांचा आवाज मोठा, मला बाजेपाशी स्पष्ट ऐकू आला.

"सर्जेराव, काय म्हणतोय पाय? कुणी आलंय का? बोलण्याचा आवाज आला."

सर्जेरावांनी माझ्याकडे पाहिलं.

"न्हाई, सर," ते म्हणाले. "कुनी न्हाई. एकलाच हाय मी."